मोटरहोममधला प्रोपेन: गाडी ताब्यात घेतल्यापासून परत देईपर्यंत

अमेरिकेतल्या मराठी घरांत मोटरहोम भाड्याने घेऊन यलोस्टोन किंवा ग्रँड कॅनियनला जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. आई-बाबा भारतातून आलेले असतात, मुलांना सुट्टी असते, आणि स्वयंपाकघर सोबत असलं की दोन्ही वेळचा वरणभात हाताशी राहतो. ही सगळी सोय प्रोपेनवर चालते. शेगडी, गीझर, फर्नेस (गाडी ऊबदार ठेवणारा हीटर) आणि बऱ्याच गाड्यांत फ्रिजसुद्धा त्याच एका टाकीवर असतो. भाड्याची गाडी देताना मात्र त्याबद्दलची माहिती घाईघाईत उरकली जाते आणि आपणही मान डोलावतो, कारण गॅस आपल्याला नवा नाही. घरच्या गॅसचा हा सराव इथे उपयोगी पडतो, पण पुरेसा नाही. का ते आधी पाहू, मग प्रवासाच्या क्रमाने एकेक गोष्ट घेऊ.

घरचा सिलिंडर आणि गाडीतली टाकी

भारतात घरी येणारा एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. अमेरिकेत मोटरहोममध्ये भरतात तो जवळजवळ निव्वळ प्रोपेन असतो, निदान ९० टक्के. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वाफ व्हायचं थांबतं. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत राहतं. म्हणून कडाक्याच्या थंडीतही फर्नेस पेटतो.

दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत. प्रोपेन साधारण दीडपट जड असल्यामुळे तो गळला की खाली बसतो. घरात ओट्याखालचा गॅस दाराच्या फटीतून, गॅलरीतून बाहेर जायला थोडीफार वाट असते. मोटरहोम थंडी-वारा अडवण्यासाठीच घट्ट बांधलेली असते. गळलेला वायू कपाटांच्या तळाशी, पायरीच्या खळग्यात, पलंगाखाली साठतो.

किती वायू पुरतो, याचा हिशेब एकदा करून ठेवण्यासारखा आहे. हवेत प्रोपेनचं प्रमाण २.१ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. द्रव प्रोपेनचा वायू झाला की तो सुमारे २७० पट जागा घेतो. एका गॅलनपासून जवळजवळ ३६ घनफूट वायू होतो. मध्यम आकाराच्या गाडीत आतली हवा १,२०० घनफूट धरली, तर तिचे २.१ टक्के म्हणजे २५ घनफूट. म्हणजे एक गॅलनसुद्धा लागत नाही, आणि हा हिशेब वायू सगळीकडे सारखा पसरला असं धरून केलेला आहे. तो तळाशी साठत असल्यामुळे प्रत्यक्षात याहून बरंच कमी पुरतं.

टाकीत, २१ अंश सेल्सिअसच्या हवेत, दाब ११० पीएसआयच्या (दर चौरस इंचावर ११० पौंड) आसपास असतो. रेग्युलेटर तो उतरवून अर्ध्या पीएसआयहूनही कमी करतो आणि मगच वायू आतल्या नळ्यांत सोडतो. त्यामुळे रेग्युलेटरपासून टाकीपर्यंतचा भाग सगळ्यात जपायचा.

गाडी ताब्यात घेताना

पहिलं काम: टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते विचारा आणि तो स्वतःच्या हाताने एकदा बंद करून, एकदा उघडून पाहा. मोटरहोमची टाकी गाडीच्या सांगाड्यालाच कायमची बसवलेली असते आणि बाहेरच्या बाजूला एका छोट्या दारामागे व्हॉल्व्ह असतो. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की बंद. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडून हे करून घ्या, आजी-आजोबांकडूनसुद्धा. दुपारी तरुण मंडळी ट्रेलवर गेलेली असताना गाडीत बहुतेक वेळा तेच असतात.

मग डिटेक्टर. गाडीत तीन वेगवेगळ्या गोष्टींवर पहारा लागतो आणि त्यांची जागाही वेगवेगळी असते. प्रोपेनचा डिटेक्टर जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो, कारण वायू खाली बसतो. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा डिटेक्टर झोपायच्या जागेजवळ हवा. काही गाड्यांत हे दोन्ही एकाच पेटीत असतात. धुराचा अलार्म छताला. प्रत्येकाचं टेस्टचं बटण दाबा आणि त्यावरची तारीख वाचा. या यंत्रांतले सेन्सर जुने होतात. उत्पादकानुसार ५ ते १० वर्षांत ती बदलावी लागतात. हिरवा दिवा लागलेला आहे एवढ्यावरून सेन्सर जिवंत आहे असं समजू नका. मुदत उलटलेली दिसली तर तिथल्या तिथे बदलून मागा. यात भिडेखातर गप्प बसण्यासारखं काही नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. प्रोपेनचा डिटेक्टर गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. काही गाड्यांत बॅटरी तोडायचा स्विच बंद केला की डिटेक्टरही बंद पडतो. तसं आहे का ते विचारून घ्या.

व्हॉल्व्हचं दार उघडलेलंच आहे, तर रेग्युलेटरकडेही नजर टाका. त्यावर झाकण असावं, हवेचं छिद्र खाली तोंड करून असावं आणि चिखलाने बुजलेलं नसावं. नळीवर भेगा नकोत. सांध्यांवर भांडी घासायच्या साबणाचं फेसाळ पाणी लावा, व्हॉल्व्ह सावकाश उघडा आणि बुडबुडे फुगतात का ते बघा. अमोनिया किंवा क्लोरीन असलेला साबण घेऊ नका, त्याने पितळेचे सांधे खराब होतात. काडी ओढून गळती शोधायची नसते हे सांगायला नको, तरीही सांगतो.

साबणाच्या पाण्याने बाहेरचे सांधे कळतात. भिंतीमागच्या नळ्या कळत नाहीत. त्यासाठी तंत्रज्ञ दाबाची चाचणी करतात: सगळी उपकरणं बंद ठेवून नळ्यांतला दाब ठरावीक पातळीवर आणायचा आणि ३ मिनिटांत काटा हलतो का ते पाहायचं. काटा जरासाही उतरला तर कुठेतरी गळती आहे. भाड्याच्या गाडीची ही चाचणी शेवटची कधी झाली ते विचारा. चांगला मालक तारीख सांगतो.

पहिल्यांदा पेटवताना

व्हॉल्व्ह नेहमी सावकाश उघडा. आत एक सुरक्षा-झडप असते. नळी तुटून वायू धो धो वाहू लागला तर ती आपोआप बसते. झटक्यात उघडलं की तिला नळी तुटल्यासारखंच वाटतं आणि ती बसते. मग शेगडी मिणमिणते, फर्नेस पेटत नाही आणि टाकी रिकामी असल्याचा समज होतो. तसं झालं तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून थोडं थांबा आणि हळू उघडा.

सुरुवात शेगडीपासून करा. नळ्यांत हवा अडकलेली असते; शेगडीचा बर्नर पेटवून ज्योत स्थिर झाली की ती हवा निघून गेली. मग बाकीची उपकरणं एकेक करून लावा. ज्योत निळी हवी. पिवळी, लवलवणारी आणि भांड्याची बूडं काळी करणारी ज्योत म्हणजे ज्वलन अपुरं, म्हणजेच कार्बन मोनॉक्साइड. यलोस्टोनसारख्या उंच जागी हवा विरळ असते, तिथे याकडे जास्त लक्ष ठेवा.

गीझर लावण्याआधी त्याच्या टाकीत पाणी आहे याची खात्री करा: गरम पाण्याचा नळ सोडून धार अखंड येते का पाहा. फर्नेस आणि गीझर या दोन्हींचा धूर बाहेरच्या भिंतीवरच्या जाळीतून जातो. तिथे कोळ्याची जाळी किंवा गांधीलमाशीचं घर नको. ती जाळी भाजण्याइतकी तापते; तिच्यासमोर खुर्ची, वाळत घातलेले टॉवेल किंवा खेळणारी मुलं नकोत. फ्रिज प्रोपेनवरचा असेल तर गाडी सपाट जागी उभी हवी. त्यातलं अमोनियाचं पाणी उतारावर नीट फिरत नाही, आणि तिरक्या गाडीत फ्रिज तासन् तास चालला तर त्याचा तापणारा भाग कायमचा बिघडतो. बऱ्याच नव्या गाड्यांत १२ व्होल्टवर चालणारा फ्रिज येतो. त्याला हे लागू नाही.

स्वयंपाक करताना

फर्नेस आणि गीझर बाहेरची हवा घेतात आणि धूर बाहेर सोडतात. शेगडीचं तसं नाही. ती तुमच्याच श्वासाची हवा घेते आणि जळाल्यावर उरलेलं तुमच्यातच सोडते. म्हणून बर्नर पेटवण्याआधी दोन गोष्टी करायच्या: छतावरचा किंवा शेगडीवरचा पंखा लावायचा आणि एक खिडकी उघडायची. नुसता पंखा पुरत नाही. आत यायला वाट नसेल तर पंखा बाहेर तरी काय टाकणार? बाहेर थंडी असली, पाऊस असला तरी खिडकी बोटभर का होईना उघडी हवीच.

आता फोडणी. मोहरी तडतडली, मिरची पडली की धुराचा अलार्म कोकलायला लागतो. मग कुणीतरी स्टुलावर चढून त्यातला सेल काढून ठेवतं, आणि गाडी परत देईपर्यंत तो सेल ड्रॉवरमध्येच राहतो. मराठी कुटुंबांच्या मोटरहोम प्रवासात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या सवयीची. गळतीपेक्षाही जास्त. गळतीचा निदान वास येतो. रात्री पडद्याला लागलेली आग झोपलेल्या माणसाला कळत नाही.

याला साधे मार्ग आहेत. बहुतेक अलार्मवर काही मिनिटं गप्प करायचं बटण असतं, ते दाबा. वेळ संपली की तो आपोआप जागा होतो. त्याहून चांगलं म्हणजे जळजळीत फोडण्या, मासे तळणं, मिरच्या भाजणं गाडीबाहेर करा. कॅम्पग्राउंडवर वीज जोडलेली असेल तर इंडक्शनची शेगडी बाहेरच्या टेबलावर ठेवून निम्मा स्वयंपाक तिथे होतो. फोडणीचं तिखट-तेल घरूनच करून बाटलीत नेलं तर वरण, कोशिंबीर, पोहे यांचं काम भागतं.

भांड्यांचंही बघा. गाडीतली शेगडी घरच्यापेक्षा लहान असते, बर्नर जवळजवळ असतात. मोठा तवा किंवा पाच लिटरचा कुकर दोन बर्नरांवर पसरला की ज्योत खाली दबते, ज्वलन अपुरं होतं आणि बाजूची लाकडी पट्टी तापते. लहान तवा आणि तीन लिटरचा कुकर नेलेला बरा. फुलके थेट ज्योतीवर टाकायचे असतील तर वरचं कपाट आणि पडदे किती जवळ आहेत ते आधी पाहा. गाडीत ज्योत आणि छत यांत अंतर फारच कमी असतं. शेगडीवर काचेचं झाकण असेल तर बर्नर पूर्ण गार झाल्याशिवाय ते लावू नका, काच तडकते.

आणि थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा ओव्हन पेटवून बसायचं नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही. हवा खाणारी आणि कार्बन मोनॉक्साइड सोडणारी ज्योत बंद खोलीत उबेसाठी लावण्याने माणसं दगावतात. ऊब हवी असेल तर फर्नेस आहे.

रात्री

यलोस्टोनमध्ये जुलैतही रात्री पारा गोठणबिंदूजवळ येतो, तेव्हा फर्नेस लागणारच. तो किती प्रोपेन खातो याचा अंदाज असू द्या. एका गॅलनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू उष्णता असते. तासाला ३०,००० बीटीयूचा फर्नेस सलग चालला तर तीन तासांत एक गॅलन संपतो. शेगडीचा ९,००० बीटीयूचा एक बर्नर तेवढ्यावर दहा तास जाईल. म्हणजे टाकी स्वयंपाकाने रिकामी होत नाही, थंडीने होते. जाड गोधड्या आणि अंगभर स्वेटर असले तर थर्मोस्टॅट बराच खाली ठेवता येतो.

झोपण्याआधी शेगडीचे कान एकेक करून हाताने तपासा. फर्नेस किंवा फ्रिज प्रोपेनवर चालू नसेल तर बाहेर जाऊन मुख्य व्हॉल्व्हही बंद करा. घरी रात्री रेग्युलेटर बंद करणाऱ्यांना ही सवय नवी नाही. तंबूत लावायचे सुटे गॅस हीटर गाडीत लावून झोपू नका.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो फक्त तुमच्याच गाडीतून येतो असंही नाही. शेजाऱ्याच्या जनरेटरचा धूर तुमच्या खिडकीतून येऊ शकतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, ताप नसताना फ्लूसारखं वाटणं, आणि हे सगळं गाडीबाहेर पडल्यावर कमी होणं, ही त्याची लक्षणं. दोघा-तिघांना एकदम होऊ लागलं तर कालच्या जेवणाला दोष देत बसू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि ९११ ला फोन करा.

गाडी हलवताना

चालत्या गाडीत प्रोपेन चालू ठेवावा की नाही यावर मोटरहोमवाल्यांत जुना वाद आहे. फ्रिज गार राहावा म्हणून बरेच जण चालू ठेवतात. माझं मत ठाम आहे: बंद ठेवा. प्रोपेनच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात. वेगात टायर फुटला तर त्याचे तुकडे फटके मारत त्यांच्यावर आदळतात. मघाशी सांगितलेली सुरक्षा-झडप नळी पूर्ण तुटली तरच बसते. नळीला चीर पडली तर गळती तिच्या लेखी गळतीच नसते. आणि दार न उघडलेला गार फ्रिज सुमारे चार तास तग धरतो.

पेट्रोल पंपावर शिरण्याआधी सगळ्या ज्योती विझलेल्या हव्यात. फ्रिज आणि गीझर आपोआप पेटतात, ठिणगी टाकतात, आणि पंपावर पेट्रोलची वाफ जमिनीलगतच असते. व्हॉल्व्ह बंद करून उपकरणंही बंद करा. नुसता व्हॉल्व्ह बंद केला तर ती ठिणग्या टाकत राहतात.

न्यू जर्सीहून वॉशिंग्टनकडे निघणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. बाल्टिमोरच्या हार्बर टनेल आणि फोर्ट मॅकहेन्री टनेल या दोन्ही बोगद्यांत १० पौंडांपेक्षा मोठी प्रोपेनची टाकी नेता येत नाही. मोटरहोमची टाकी त्याहून कितीतरी मोठी असते. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायच्या. तो पूल २६ मार्च २०२४ रोजी मालवाहू जहाजाच्या धडकेने कोसळला. आता शहराला पश्चिमेकडून वळसा घालणारा ६९५ चा रस्ता धरावा लागतो. फोनवरचा नकाशा तुम्हाला साध्या कारवाला समजून सरळ बोगद्यात पाठवतो. निघण्याआधी रस्ता स्वतः आखा. इतर शहरांतल्या बोगद्यांचे नियमही आधी पाहून घ्या. काही ठिकाणी व्हॉल्व्ह बंद असल्यास मर्यादित परवानगी असते.

टाकी भरून घेताना

किराणा दुकानाबाहेर बदलून मिळणारे सिलिंडर इथे कामाचे नाहीत. गाडीच प्रोपेनच्या पंपावर न्यावी लागते आणि भरणारा प्रशिक्षित माणूसच असतो. तिथे पोचण्याआधी इंजिन सोडून सगळं बंद, आणि पोचल्यावर इंजिनही. सगळ्यांनी खाली उतरायचं, झोपलेल्या बाळालाही घेऊन.

टाकी ८० टक्केच भरतात. यात कुणी तुम्हाला फसवत नाही. उन्हात द्रव प्रोपेन फुगतं आणि त्याला जागा लागते. जागा नसेल तर दाब वाढून सुटका-झडप उघडते आणि वायू बाहेर पडतो. म्हणून “आणखी थोडा टाका” असा आग्रह करू नका. ८० टक्के झाले की छोट्या छिद्रातून पांढरं धुकं येतं, तीच थांबायची खूण. भरून झाल्यावर सांध्यांपाशी वास येत नाही ना, हे तिथेच थांबून पाहा.

वास आला किंवा अलार्म वाजला तर

प्रोपेनला स्वतःचा वास नाही. कुजक्या अंड्यांसारखा उग्र वास त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या रसायनाचा असतो. सर्दी झालेल्याला किंवा वयस्कर माणसाला तो उशिरा कळतो, म्हणून घरातलं लहान मूल “कसला तरी वास येतोय” म्हणालं तरी ते खरं धरा. हेअरस्प्रे, सॅनिटायझर यांनीही डिटेक्टर वाजतो, पण कारण बाहेर पडल्यावर शोधायचं.

१. समोर ज्योत असेल तर विझवा. कोणताही स्विच लावू नका, बंदही करू नका. पंखासुद्धा नाही, कारण स्विचमध्ये ठिणगी असते.
२. सगळे बाहेर पडा. जाताना दार उघडं ठेवा. सामान, पासपोर्ट, चपला काही घेत बसू नका.
३. वास फार नसेल आणि जवळ जाणं सुरक्षित वाटत असेल, तरच बाहेरून मुख्य व्हॉल्व्ह बंद करा.
४. वारा येतो त्या दिशेला, लांब जा. फोन तिथे गेल्यावरच काढा आणि ९११ लावा. जागेचा क्रमांक किंवा रस्त्यावरचा मैलाचा आकडा सांगा.
५. इंजिन किंवा जनरेटर चालू करून गाडी हलवायचा प्रयत्न करू नका.
६. वास गेला तरी तंत्रज्ञाने गळती शोधून दुरुस्त करेपर्यंत व्हॉल्व्ह उघडू नका.

नॅशनल पार्कांत बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते. म्हणून मुक्कामाला पोचलात की पहिल्याच संध्याकाळी कॅम्पग्राउंडच्या होस्टची जागा आणि सगळ्यात जवळचं रेंजर स्टेशन पाहून ठेवा.

स्वतःची गाडी असेल तर

वर्षातून एकदा, हंगामाआधी, दाबाची चाचणी आणि बर्नरांची सफाई तंत्रज्ञाकडून करून घ्या. गाडी हिवाळ्यासाठी उभी करताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि मग शेगडी पेटवून नळ्यांतला उरलेला वायू जाळून टाका. डिटेक्टरांच्या तारखा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. रेग्युलेटर चांगला दिसत असला तरी साधारण १० ते १५ वर्षांत बदलायचा असतो. नळीवर भेग दिसली तर टेप गुंडाळून एक मोसम काढू नका. ती नळी त्याच दिवशी उतरवा, आणि नवी बसवून साबणाचं पाणी लावून पाहिल्यावरच व्हॉल्व्ह उघडा.